पाहिले कोणी आणि केले कोणी? (फ्रेंचमधील एका वाक्यरचनेविषयी)

(वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर. सभागृहात फळ्यावर रोमन लिपीत लिहिलेली फ्रेंच वाक्ये स्मरणिकेसाठी देवनागरीत उतरविली आहेत.)



'परदेशी भाषांचे महत्त्व' या विषयावर मी बोलावे, असे मला सुचविण्यात आले होते. हा विषय बोलणाऱ्याला सोपा आणि ऐकणाऱ्याला अवघड असतो. वक्ता जग लहान झाले आहे असे सांगतो, नोकऱ्यांची यादी वाचतो, आणि श्रोते घड्याळाकडे पाहतात. म्हणून मी अध्यक्षसाहेबांची परवानगी काढून विषय अगदी बारीक करून घेतला आहे. 'मी त्याला येताना पाहिले' हे वाक्य फ्रेंच भाषेत कसे म्हणतात, एवढेच मी आज सांगणार आहे. ज्या पालकांना फ्रेंचचे अक्षरही ठाऊक नाही त्यांनी अवघडून बसू नये. या विषयाला लागणारे निम्मे भांडवल आपल्या मराठीत आहे, आणि थोडेसे आपल्या घरच्या उर्दूतही आहे.

तरी पालकांचा नेहमीचा प्रश्न आधी निकालात काढतो. "सर, फ्रेंच घेऊन करायचे काय?" याचे प्रामाणिक उत्तर असे, की आपल्याकडे अकरावी-बारावीला बहुतेक मुले फ्रेंच घेतात ती गुण मिळतात म्हणून. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. परंतु गुण मिळतात आणि भाषा मिळत नाही, अशी गत पुष्कळदा होते. पाठ केलेली पत्रे आणि पाठ केलेले निबंध लिहून मुलगा नव्वदच्या घरात जातो, आणि 'मला पावसाचा आवाज येतो आहे' हे फ्रेंचमध्ये सांग म्हटले की छताकडे पाहू लागतो. वास्तविक या भाषेचे आपल्याशी अगदीच नाते नाही असे नाही. मॉरिशस बेटावर 1834 पासून हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर गेले, त्यांत आपल्या कोकणातील माणसेही होती. त्यांचे वंशज आजही स्वतःला मराठी म्हणवतात, आणि त्यांच्या रोजच्या जगण्यात क्रिओल व फ्रेंच या दोन्ही भाषा आहेत. ज्या धक्क्यावर ते मजूर उतरले तो पोर्ट लुईचा आप्रवासी घाट 2006 साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदविला. म्हणजे मराठी आणि फ्रेंच एकाच घरात नांदू शकतात याचा पुरावा आहे. असो, आता विषयाकडे वळू.

उच्चाराविषयी दोन शब्द. फ्रेंचमध्ये 'मी' म्हणजे 'झ'. हा 'झ' आपल्या 'झाडा'तला नव्हे आणि 'झेंड्या'तलाही नव्हे. उर्दू वाचणाऱ्या मुलांना तो चटकन समजेल, कारण उर्दूत 'टेलिव्हिजन' लिहिताना जे तीन नुक्त्यांचे 'ज़्हे' वापरतात, तोच हा ध्वनी. फ्रेंच शब्दांच्या शेवटची बरीच अक्षरे लिहायची असतात, उच्चारायची नसतात, हेही ध्यानात ठेवा. या मुक्या अक्षरांवरून पुढे एक गंमत होणार आहे. गंमत म्हणतो, पण त्यात एखाद्याचा गळाही कापला जाऊ शकतो.

प्रथम आपली मराठी पाहू. डोळ्यांनी पाहिले, कानांनी ऐकले, अंगाला जाणवले, अशा प्रसंगी एका वाक्यात दोन क्रिया असतात. एक पाहणाऱ्याची आणि दुसरी जे पाहिले त्याची. 'मी गाडी येताना पाहिली' या वाक्यात पाहणारा मी, येणारी गाडी. मराठीने दुसऱ्या क्रियेला 'ताना' हा प्रत्यय लावून तिला पहिलीच्या पदराला बांधले. उर्दूत 'मैंने उसे आते देखा' म्हणतात, तेथेही 'आते' हे रूप तेच काम करते. इंग्रजीत 'आय सॉ द ट्रेन अराइव्ह' आणि 'आय सॉ द ट्रेन अरायव्हिंग' अशा दोन तऱ्हा आहेत. पहिलीत गाडी येऊन थांबली, दुसरीत ती अजून येत आहे.

फ्रेंचमध्ये या जागी क्रियापदाचे मूळ रूप येते. व्याकरणात त्याला इन्फिनिटिव्ह म्हणतात. ज्यावर काळाचा, पुरुषाचा, वचनाचा शिक्का अजून उमटलेला नाही, शब्दकोशात आपल्याला जे सापडते, ते हे रूप. 'येऊन पोहोचणे' म्हणजे 'आरिव्हे', 'गाणे' म्हणजे 'शाँते', 'पडणे' म्हणजे 'तोंबे'. ते पाहण्या-ऐकण्याच्या क्रियापदांनंतर थेट ठेवायचे, मध्ये कोणतेही अव्यय घालायचे नाही.

झ व्ह्वा ल त्रॅं आरिव्हे. मला गाडी येताना दिसते.
झाँताँ ले ज़ाँफाँ शाँते. मला मुले गाताना ऐकू येतात.
झ साँ मों कर बात्र. माझे हृदय धडधडताना मला जाणवते.

यातला 'बात्र' शब्द लक्षात ठेवा. हृदयाच्या बाबतीत त्याचा अर्थ धडधडणे, माणसाच्या बाबतीत मारणे. त्याचे काम पुढे आहे.

ही क्रियापदे मोजकी आहेत. दिसणे-पाहणे यासाठी 'व्ह्वार' आणि 'रगार्दे', ऐकू येणे-ऐकणे यासाठी 'आँताँद्र' आणि 'एकुते', जाणवणे यासाठी 'साँतीर', आणि ओझरते नजरेस पडणे यासाठी 'आपेर्सव्ह्वार'. मराठी मुलाला 'व्ह्वार' आणि 'रगार्दे' यांतला फरक समजावून द्यावा लागत नाही. 'मला दिसले' आणि 'मी पाहत होतो' यांत जे अंतर आहे तेच ते. एकात डोळे उघडे होते म्हणून दिसले, दुसऱ्यात मुद्दाम नजर लावली. 'आँताँद्र' आणि 'एकुते' यांचेही तसेच. वर्गात शिक्षकांचा आवाज सर्वांना ऐकू येतो, ऐकतात किती हा वेगळा प्रश्न!

आता मुले चुकतात कोठे ते पाहू, कारण चुकांत शिकण्यासारखे अधिक असते. पहिली चूक म्हणजे दोन्ही क्रियापदे चालवून टाकायची, 'झ व्ह्वा ल त्रॅं आरीव्ह' असे म्हणायचे. 'मला दिसते गाडी येते', असे ते झाले. बोली मराठीत हे खपून जाते, फ्रेंचमध्ये नाही. दुसरी चूक लेखनातली आहे. 'आरिव्हे' हे मूळ रूप आणि 'आलेला' या अर्थाचे 'आरिव्हे' हे भूतकाळी रूप, दोन्हींचा उच्चार अगदी एक, लेखन मात्र वेगळे. यावर फ्रान्समधल्या शाळकरी मुलांना जी युक्ती शिकवितात तीच तुम्हीही वापरा. संशयाच्या जागी 'विकणे' हे क्रियापद घालून पाहा. त्याचे मूळ रूप 'व्हाँद्र' आणि भूतकाळी रूप 'व्हाँद्यू' असल्याने कान लगेच सांगतो. 'व्हाँद्र' शोभले तर मूळ रूप लिहा. अर्थ काही का होईना, गाडी विकली गेली तरी चालेल!

तिसरी चूक आपली खास मराठी आहे, आणि ती मला सर्वांत उद्बोधक वाटते. 'मी करीमला दार उघडताना पाहतो', 'झ व्ह्वा करीम ऊव्ह्रीर ला पोर्त', इथपर्यंत ठीक चालते. आता करीमच्या जागी 'त्याला' घाला म्हटले, की मुलगा हमखास 'झ ल्वी व्ह्वा' असे लिहितो. का? तर 'मी त्याला पुस्तक देतो' या वाक्यात 'त्याला' म्हणजे 'ल्वी', असे त्याने पाठ केलेले असते. मराठीत 'त्याला' हा शब्द दोन घरी राबतो. 'त्याला पुस्तक दिले' येथे ते संप्रदान आहे, 'त्याला पाहिले' येथे साधे कर्म आहे. मराठीने दोघांना एकच सदरा शिवला. फ्रेंचमध्ये सदरे वेगळे आहेत, कर्मासाठी 'ल', 'ला', 'ले', आणि देण्या-सांगण्याच्या माणसासाठी 'ल्वी'. पाहिलेला माणूस हा पाहण्याचे कर्म, म्हणून 'झ ल व्ह्वा ऊव्ह्रीर ला पोर्त'. हे सर्वनाम पहिल्या क्रियापदाच्या अगोदर बसते, दुसऱ्याच्या नव्हे, हेही त्याच कारणाने.

येथे एक खोच आहे, तीही सांगून टाकतो, कारण एखादा हुशार विद्यार्थी पुस्तकातून शोधून काढील आणि मला अडवील. दुसऱ्या क्रियेला स्वतःचे कर्म असेल तर जुन्या आणि साहित्यिक फ्रेंचमध्ये करणारा माणूस 'ल्वी' या रूपातही आढळतो: 'झ ल्वी ए आँताँद्यू दीर...', म्हणजे 'मी त्याला असे म्हणताना ऐकले'. ते शुद्ध आहे. वाचताना ओळखा, परीक्षेत वापरण्याच्या भानगडीत पडू नका.

शब्दांचा क्रम हा भाग सोपा आहे. दुसऱ्या क्रियेला कर्म नसेल तर करणारा तिच्या आधीही चालतो आणि नंतरही. 'पाऊस पडताना ऐकू येतो' हे 'झाँताँ ला प्ल्वी तोंबे' असेही होते आणि 'झाँताँ तोंबे ला प्ल्वी' असेही. दुसरे कानाला जरा गोड लागते, एवढेच. पण दार उघडण्यासारखे कर्म मागे असले की करीमने दाराच्या आणि उघडण्याच्या आधीच उभे राहिले पाहिजे, नाही तर करीम कोण आणि दार कोण हा घोळ होतो.

क्रिया चालू आहे यावर भर द्यायचा असेल तर फ्रेंच माणूस 'आँ त्रॅं द' असे शब्द घालतो. त्यात 'त्रॅं' ऐकू आले तरी आगगाडीचा येथे काही संबंध नाही. हे मी दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी कोणी तरी कोणाला तरी रेल्वेत बसवितोच.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. 'मी बाजारातून येताना करीमला पाहिले.' या वाक्यात बाजारातून कोण येत होते? मी की करीम? पालकांपैकी काहींनी 'मी' म्हटले, काहींनी 'करीम' म्हटले. दोघेही बरोबर आहेत. मराठीचा 'ताना' हा प्रत्यय कोणाच्याही पदराला बांधता येतो. फ्रेंच मात्र येथे हिशेब चोख ठेवते. करीम येत असेल तर मूळ रूप वापरा, 'झे व्ह्यू करीम रव्हनीर द्यू मार्शे'. मी येत असेन तर रूप बदलते, 'आँ रव्हनाँ द्यू मार्शे, झे व्ह्यू करीम'. 'आँ' ने सुरू होणारे हे दुसरे रूप नेहमी मुख्य कर्त्याचे, म्हणजे पाहणाऱ्याचे असते. मुलांनो, मराठीतून फ्रेंचमध्ये नेताना 'ताना' दिसला की लेखणी थांबवा आणि विचारा, हा 'ताना' कोणाचा? उत्तर मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नका. परीक्षेतले निम्मे गुण या एका प्रश्नात आहेत, असे म्हणेन.

परंतु फ्रेंचही सर्वत्र इतकी चोख नाही. 'मी त्याला मारताना पाहिले' हे मराठी वाक्य घ्या. तो मारत होता की कोणी त्याला मारत होते? दोन्ही अर्थ निघतात. आणि 'झ ले व्ह्यू बात्र' या फ्रेंच वाक्यातूनही नेमके तेच दोन अर्थ निघतात! मारणारा आणि मार खाणारा, दोघे एकाच शब्दामागे उभे.

हे केवळ व्याकरणाचे कोडे नाही. मी शिकत असताना ज्या वसतिगृहात राहत होतो तेथे एका रात्री दोन खोल्यांतील मुलांत मारामारी झाली. दुसऱ्या दिवशी साक्षी लेखी घेतल्या. एका भल्या मुलाने एका विद्यार्थ्याविषयी लिहिले, 'मी त्याला मारताना पाहिले.' लिहिणाऱ्याच्या मनात होते की त्याला चौघे मिळून मारत होते. वाचणाऱ्यांनी घेतले की तोच मारत होता. त्याला वसतिगृह सोडावे लागले. तोंडी विचारले असते तर एका मिनिटात उलगडा झाला असता. पण कागद आला, शेरा पडला आणि पेटी उचलण्याचा हुकूम निघाला. साक्षीदाराला जेव्हा कळले तेव्हा तो गावी निघून गेलेला होता. त्याचे ते वर्ष वाया गेले. पुढे तो परत शिकायला आला की नाही हे आम्हांपैकी कोणी विचारले नाही. साक्षीदार खोटे बोलला नव्हता आणि वाचणाऱ्यांनी वाक्याचा विपर्यासही केला नव्हता. वाक्यच दोन तोंडांचे होते.

अशा वाक्याचे एक तोंड बंद कसे करायचे याचे उपाय फ्रेंचमध्ये आहेत, आणि ते पाहिले की मराठीतलेही सुचतात. पहिला उपाय म्हणजे दुसऱ्या माणसाला वाक्यात आणणे. 'झ ले व्ह्यू बात्र सों फ्रेर', त्याला भावाला मारताना पाहिले. 'झ ले व्ह्यू बात्र पार सों फ्रेर', त्याला भावाकडून मार बसताना पाहिले. एका 'पार' ने न्याय फिरतो. दुसरा उपाय 'की' या शब्दाचा, म्हणजे 'जो' या अर्थाचा. 'झ ले व्ह्यू की बाते सों फ्रेर' असे म्हटले की मारणारा तोच, दुसरा अर्थ उरतच नाही. तिसरा उपाय 'स फेर बात्र', म्हणजे सरळ 'मार खाताना'. आपल्या मराठीत 'मार खाणे' हा किती नेमका शब्द आहे पाहा! त्या रात्रीच्या कागदावर 'मारताना' ऐवजी 'मार खाताना' असते तर तो मुलगा राहिला असता.

आणि आता मुक्या अक्षराची गोष्ट. समजा, तो मुलगा नसून मुलगी होती. 'जिला मी मारताना पाहिले ती मुलगी' हे फ्रेंचमध्ये 'ला फीय क झे व्ह्यू बात्र' असे होते. यातील 'व्ह्यू' म्हणजे 'पाहिले'. तो शब्द दोन प्रकारे लिहिता येतो, शेवटी स्त्रीलिंगाचे एक मुके अक्षर लावून किंवा न लावता. इंग्रजीत त्या अक्षराला आपण 'ई' म्हणतो. उच्चारात काडीचाही फरक नाही. पण अक्षर लावले तर मुलगी मारत होती, न लावले तर मुलीला कोणी मारत होते!

हे कसे? नियम असा: 'पाहिले', 'ऐकले' या भूतकाळी रूपाच्या आधी त्याचे कर्म आले, तर रूप त्या कर्माच्या लिंग-वचनाप्रमाणे चालते. मुलगीच जर मारण्याची क्रिया करीत असेल तर ती 'पाहिले' चे कर्म आहे, म्हणजे मी मुलगी पाहिली, म्हणून स्त्रीलिंगाचे अक्षर लागते. पण मुलीला कोणी मारत असेल तर ती 'मारणे' चे कर्म झाली. मी पाहिला तो मारण्याचा प्रकार, म्हणून रूप कोरेच राहते. पुस्तकांतून हाच नियम गाण्याच्या उदाहरणाने देतात. 'जी बाई मी गाताना ऐकली' येथे बाई स्वतः गाते, म्हणून 'आँताँद्यू' ला मुके अक्षर लावायचे. 'जे गाणे मी गायिले जाताना ऐकले' येथे गाणे, म्हणजे 'शाँसों', हा शब्द फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी असूनही अक्षर लावायचे नाही, कारण गाणे स्वतः गात नाही.

इंग्रजीवर वाढलेल्या माणसाला हा प्रकार चमत्कारिक वाटतो. आपल्याला वाटू नये. 'मी आंबा खाल्ला', 'मी पोळी खाल्ली', 'मी आंबे खाल्ले' असे आपण जन्मापासून म्हणत आलो. घरी 'मैंने रोटी खाई' म्हणतो, 'खाया' म्हणत नाही. क्रियापद कर्माच्या मागे चालते ही गोष्ट आपल्या रक्तात आहे. मराठीत 'ला' लागला की क्रियापद मोकळे सुटते, 'मी मुलीला पाहिले'. फ्रेंचमध्ये कर्म नंतर आले की ते मोकळे सुटते. तपशील निराळा, स्वभाव तोच. असे असताना आमची मुले फ्रेंच शिकताना इंग्रजीच्या खिडकीतूनच का पाहतात, हे मला उलगडत नाही. बहुधा पाठ्यपुस्तके इंग्रजीतून असतात म्हणून. शिक्षकाने तरी मराठी-उर्दूची खिडकी उघडावी.

या नियमाचा इतिहासही मौजेचा आहे. पाहण्या-ऐकण्याच्या क्रियापदामागे मूळ रूप ठेवण्याची तऱ्हा फ्रेंचला लॅटिनकडून वारशाने आली. लिंग-वचनाच्या या नियमाचा हिरिरीने पुरस्कार केला तो सोळाव्या शतकातील क्लेमाँ मारो या कवीने, इटालियन भाषेचे उदाहरण पुढे ठेवून. तेव्हापासून फ्रान्समधील मुले या नियमाने रडत आली आहेत. अखेर 1901 साली तेथील शिक्षणमंत्र्यांनी हुकूम काढला, की अशा मूळ रूपाच्या आधी येणारे भूतकाळी रूप कोणी कोरेच ठेवले तर परीक्षेत चूक धरू नये. 1976 साली तशाच सवलतींचा दुसरा हुकूम निघाला. 1990 साली शुद्धलेखनात ज्या सुधारणा सुचविल्या गेल्या, त्यांत 'होऊ देणे' या अर्थाच्या 'लेसे' या क्रियापदाचे रूप मूळ रूपापूर्वी नेहमी कोरेच ठेवावे, असे म्हटले आहे. 'करविणे' या अर्थाचे 'फेर' तर पूर्वीपासूनच कोरे. पाहण्या-ऐकण्याच्या क्रियापदांना मात्र 1990 च्या सुधारणेने हात लावला नाही. मला ते योग्य वाटते. मुलांचे रडणे मला समजते. पण साक्षीच्या कागदावर ते एक मुके अक्षरच काय ते बोलते. आणि मुलांनो, फ्रान्सच्या सवलती आपल्या परीक्षकांना बंधनकारक नाहीत, तेव्हा नियम शिका.

आणखी एकच प्रकार सांगतो. 'ऐकणे' या क्रियापदामागे 'म्हणणे' हे मूळ रूप आले की अर्थ बदलतो. 'झे आँताँद्यू दीर क...' म्हणजे 'मी असे ऐकले आहे की...', आपल्याकडचे 'ऐकिवात आहे की'. येथे म्हणणारा कोण, ते वाक्यात नाही, आणि मुद्दामच नाही. तसेच 'आँताँद्र पार्ले द', एखाद्याविषयी ऐकून असणे. म्हणजे फ्रेंच भाषेत तीन पायऱ्या स्पष्ट दिसतात. 'झ ले व्ह्यू व्होले', मी त्याला चोरी करताना पाहिले. हा डोळ्यांचा पुरावा. 'झे व्ह्यू किल आव्हे व्होले', त्याने चोरी केली होती हे मला दिसून आले. हा तर्क झाला, कुलूप तुटलेले पाहिले असेल, माणूस पाहिला असेलच असे नाही. 'झे आँताँद्यू दीर किल आव्हे व्होले', त्याने चोरी केली असे ऐकिवात आहे. येथे ना डोळा, ना तर्क. मूळ रूप असेल तर क्रिया प्रत्यक्ष इंद्रियांसमोर घडली, 'क' जोडून वाक्य आले तर ती मनाने जोडली, हा भेद फ्रेंच मुलाला शाळेच्या आधीच कळतो.

आपल्याकडे मोबाइलवर आलेला मजकूर पुढे पाठविताना लोक 'अहो, मी स्वतः पाहिले' म्हणतात. पाहिलेले असते ते अक्षर. घटना पाहिलेली नसते. मोहल्ल्यात एखाद्या मुलाविषयी, एखाद्या मुलीविषयी बोलणे निघते तेव्हा 'पाहिले', 'दिसून आले' आणि 'ऐकले' हे तीन शब्द एकमेकांच्या जागी किती सहज बसतात, हे आपण सर्व जाणतो. ज्या घरातील मूल फ्रेंच शिकत असेल तेथे पालकांनी त्याला कधी तरी विचारून पाहावे: "बेटा, हे तुझ्या फ्रेंचमध्ये कोणत्या वाक्याने सांगशील?"

वेळ संपत आल्याची खूण अध्यक्षसाहेब करीत आहेत. विद्यार्थ्यांसाठी फळ्यावर चार वाक्ये लिहून ठेवतो. ती फ्रेंचमध्ये करून सोमवारी दुसऱ्या तासाला आणावीत. पालकांना हौस असेल तर त्यांनी मुलाला मराठीतच विचारावे की यात कोणी काय केले.

मी शाळेतून येताना शिक्षकांना पाहिले.
आम्ही तिला दार लावताना ऐकले.
जी मुले मी पळताना पाहिली ती आमच्या वर्गातली होती.
मी त्याला बोलावताना ऐकले.

चौथ्या वाक्याची दोन भाषांतरे आणायची आहेत, आणि कोणते कोणाचे हे शेजारी मराठीत लिहायचे आहे.